स्प्रे बदलू नका, आधी साबण घ्या

तुमचा प्रश्न मला असा कळला. चौदा भागांचं रेझिनचं ब्लास्टर किट, म्हणजे सिनेमातल्या काल्पनिक बंदुकीची प्रतिकृती, तुम्ही ऑगस्टमध्ये जोडलं. भेगा पुट्टीने भरल्या, पॉलिश पेपर मारला, प्रायमरचा म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा हात दिला आणि वरून चंदेरी मेटॅलिक स्प्रे मारला. आता मास्किंग टेप काढली की रंग पापुद्र्यासारखा टेपबरोबर येतो. सपाट केलेल्या जोडाची रेघ पुन्हा वर आली आहे. नळीवर पांढुरकी झाक आहे. आणि एवढा खटाटोप करून वस्तू दिसते जत्रेतल्या पिस्तुलासारखी. डिसेंबरमध्ये ती कॉस्प्लेला, म्हणजे पात्रांची वेशभूषा करून जमायच्या कार्यक्रमाला, न्यायची आहे, तर कोणत्या कंपनीचा मेटॅलिक स्प्रे घेतला म्हणजे खरं लोखंड वाटेल?

कुठल्याही कंपनीचा घ्या, आत्ताच्या त्या पृष्ठभागावर तो असाच दिसणार. तुमच्या चार तक्रारींपैकी दोन रंगाच्या खाली आहेत, एक हवेत आहे आणि एक सगळं चंदेरी करण्यात आहे. डब्याच्या कंपनीत एकही नाही.

मी नाटकांची आणि जाहिरातींची प्रॉपर्टी, म्हणजे त्यात वापरायच्या वस्तू, बनवते, अठरा वर्षं झाली. विक्रोळीत छोटा गाळा आहे. त्याआधी कॉलेजच्या सुट्ट्यांत परळच्या एका गणपतीच्या कारखान्यात जायचे. तिथल्या काकांनी पहिले दोन सीझन माझ्या हाती ब्रश दिलाच नाही, नुसता पॉलिश पेपर. तेव्हा राग यायचा. आता गाळ्यात नवीन आलेल्या मुलांना मीही तेच करते आणि तीही तशीच रागावतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. तुमचे फोटो बघून भाग साच्यात ओतलेल्या रेझिनचे वाटतात, कारण कडांना पातळ पदर सुटले आहेत आणि बुडबुड्यांची बारीक भोकं आहेत. थ्री-डी प्रिंट असेल तर धुण्याचा भाग कमी महत्त्वाचा आणि थरांच्या रेघा घासण्याचा जास्त. दुसरं, एखादा भाग रंगाशिवायही हाताला चिकट लागत असेल तर ओतताना रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण चुकलेलं असतं. तो भाग बदलून मागा, त्यावर काहीही लावलं तरी तो वाळणार नाही. तिसरं, तुमच्याकडे गच्ची आहे की फक्त बेडरूमची खिडकी, यावर अर्धं वेळापत्रक ठरतं.

आता पापुद्रे. रेझिन सिलिकॉनच्या साच्यात ओततात आणि भाग सुटून यावा म्हणून साच्याला आधी रिलीज एजंट मारतात. काहीही चिकटू न देणं हेच त्याचं काम. तो तेलकट थर भागाबरोबर तुमच्या घरी येतो आणि डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही त्याच्यावर प्रायमर मारला, प्रायमरवर रंग. रंग प्रायमरला घट्ट बसला, प्रायमर मात्र तेलावर बसलेला. म्हणून टेपबरोबर दोन्ही थर एकत्र निघतात. निघालेल्या पापुद्र्याची खालची बाजू बघा, राखाडी प्रायमर दिसला तर निदान पक्कं.

उपाय स्वयंपाकघरातच आहे. कोमट पाणी, भांडी घासायचा लिक्विड साबण, जुना टूथब्रश. खोबणी, ट्रिगरचा कोपरा, दुर्बिणीच्या कड्या नीट घासा. धुऊन झालं की भाग नळाखाली तिरका धरा. पाण्याचे मोती होऊन घरंगळले तर तेल अजून आहे, पाणी सपाट पसरलं तर झालं. त्यानंतर उघड्या हाताने भाग धरू नका, बोटांनाही तेल असतंच. पाणी कोमटच घ्या, कढत नको. साठ-सत्तर अंशांच्या आसपास पातळ भाग मऊ पडायला लागतात. अर्थात नळी वाकडी आली असेल तर हाच दोष कामाला येतो: गरम पाण्यात मऊ होऊ द्या, काचेवर ठेवून सरळ करा आणि तशीच धरून थंड पाण्यात बुडवा.

पण तुमचं तर जोडून, रंगवून झालंय. सगळं खरवडायचं का? आधी चाचणी करा. कटरने रंगावर बारीक चौकटी पाडा, सेलोटेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. अशी पाच-सहा जागी करा. एकाही जागी काही आलं नाही तर तेवढा भाग ठेवा. चौकटी निघून आल्या तर तो भाग पूर्ण काढा, मध्ये बेटं ठेवू नका, कारण बेटाची कड नव्या रंगातून दिसते. काढायला बादलीभर थिनर आणू नका. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर आणि अ‍ॅसिटोन रेझिनलाही मऊ करू शकतात आणि बारीक नक्षी जाते. बराचसा रंग टेपनेच निघेल, उरलेल्यावर २२० आणि मग ४०० नंबरचा वॉटर पेपर, पाणी लावून. कोपऱ्यांत आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीने, आणि तेही आतल्या न दिसणाऱ्या बाजूला लावून बघितल्यावर. कोरडं घासू नका. रेझिनची धूळ फुफ्फुसांना चांगली नाही, ओलं घासलं की ती पाण्यातच राहते. तरी एन-९५ मास्क लावाच.

जोडाची रेघ परत येण्याची दोन कारणं असतात आणि तुमच्या बाबतीत बहुधा दोन्ही आहेत. तुम्ही ट्यूबमधली तयार पुट्टी वापरली. ती तिच्यातला द्रव उडून वाळते, म्हणजे वाळताना आकसते. वरून सुकली म्हणून तुम्ही त्याच संध्याकाळी घासून सपाट केली. आतली पुढचे आठ दिवस आकसत राहिली आणि जोड खाली बसला. जाड भरणीला गाडीच्या डेंटिंगवाल्यांकडची हार्डनर मिसळायची पुट्टी घ्या. ती रासायनिक क्रियेने घट्ट होते, पंधरा-वीस मिनिटांत घासण्याजोगी होते आणि फारच थोडी आकसते. ट्यूबची पुट्टी फक्त ओरखड्यांसाठी ठेवा. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांना फेविक्विकचा थेंब आणि त्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, क्षणात दगड होतो. मात्र तो लगेच घासा. दुसऱ्या दिवशी तो आजूबाजूच्या रेझिनपेक्षा इतका टणक असतो की रेझिन झिजतं आणि सोडा उंचवटा होऊन बसतो.

हेच दुसरं कारण. टणक डिंकाच्या रेघेवर नुसत्या बोटाने पेपर फिरवला की बोट मऊ असल्यामुळे दोन्ही बाजूंचं रेझिन खाल्लं जातं आणि मधली रेघ तशीच राहते. पेपर लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळा, गोल नळीसाठी पाइपच्या तुकड्यावर. आमच्याकडे यासाठी जुनी खोडरबरं, आइस्क्रीमच्या काड्या आणि एक तुटलेलं लाटणं आहे.

आणि डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. राखाडी प्रायमर वाळला की त्यावर लांबून काळ्या स्प्रेचा नुसता तुषार उडवा, धूळ बसल्यासारखा. मग ठोकळ्यावर ६०० नंबरचा पेपर लावून हलकं घासा. जिथे काळे ठिपके उरतात तिथे खड्डा, जिथे रेझिन उघडं पडतं तिथे उंचवटा. गाडी रंगवणारे याला गाईड कोट म्हणतात. पहिल्यांदा केलंत की मन खट्टू होईल, कारण सपाट वाटलेला भाग चंद्रासारखा निघतो. मी अजूनही एका प्रॉपवर तीन-तीन वेळा गाईड कोट मारते. चंदेरी रंग आरशासारखा प्रकाश फेकतो, त्यामुळे मॅट रंगात दडलेला खड्डा त्यात ओरडून सांगतो.

जोडताना आणखी एक. पकड आणि नळी नुसत्या डिंकावर ठेवू नका. कार्यक्रमात दहा जण हातात घेऊन बघणार, निदान एकाच्या हातून पडणार. दोन्ही बाजूंना २ मिमीचं भोक पाडा आणि सायकलच्या स्पोकचा तुकडा अ‍ॅरल्डाइटमध्ये बुडवून आत बसवा. साधा स्पोक बरोब्बर २ मिमीचा असतो आणि कोपऱ्यावरचा सायकलवाला मोडके फुकट देतो. पकड पोकळ असेल तर बंद करण्याआधी दोन-चार नट-बोल्ट अ‍ॅरल्डाइटने आत बसवा. हलकी वस्तू हातात उडते. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण खोटेपणा कळतो. अभिनेत्यांना मात्र जड वस्तू दिली की हात आपोआप नीट पडतो.

हवेचं आता, कारण नळीवरची पांढुरकी झाक तिथून आली. लॅकर, म्हणजे झटपट वाळणाऱ्या रंगाच्या स्प्रेमधला द्रव झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभाग थंड करतो, डब्यातून सुटणारा वायू आणखी थंड करतो. ऑगस्टमध्ये मुंबईची हवा ऐंशी-नव्वद टक्के आर्द्र असते. थंड ग्लासावर बाहेरून पाणी जमतं तसं त्या ओल्या रंगावर जमतं आणि रंगात अडकून पांढरं पडतं. तुमचा हात चुकला नाही, महिना चुकला. पुण्याचा माझा एक मित्र तोच डबा तशाच हाताने मारतो आणि मला विचारतो, तुझ्याकडेच कसं होतं हे?

मी एक साधा आर्द्रता मोजायचा डिजिटल मीटर भिंतीला टांगलाय. पासष्ट टक्क्यांच्या वर आकडा असेल तर लॅकर मारत नाही, निर्माता कितीही फोन करो. पावसाळ्यात काम अडलंच तर दोन गोष्टी करते. डबा दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवते, म्हणजे दाब नीट येतो आणि तुषार बारीक पडतो. (कोमट. गॅसजवळ डबा नेलेला एक माणूस मी पाहिला आहे, त्याच्या भुवया परत यायला बराच वेळ गेला.) आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना पिवळा बल्ब लावून त्यात भाग आधी गरम करते आणि मारल्यावर परत त्यात ठेवते. आत थर्मामीटर ठेवा, चाळीस अंशांच्या फार पुढे जाऊ नका, नाहीतर नळी पुन्हा वाकेल. बल्ब पुठ्ठ्याला टेकता कामा नये आणि पेटलेला सोडून बाहेर जाऊ नका. भाग आत ठेवण्याआधी पाच-दहा मिनिटं उघड्यावर राहू द्या, ओल्या थिनरची वाफ बंद खोक्यात बल्बपाशी नको.

तुम्हाला हे सगळं करायची गरज नाही. आत्ता सप्टेंबर संपतोय. ऑक्टोबरभर काढणं, धुणं, भरणं, घासणं करा, या कामांना आर्द्रतेचं काही देणंघेणं नाही. स्प्रे नोव्हेंबरात, सकाळी साडेदहानंतर, ऊन वर आलं की. दिवाळीच्या रात्री ओला भाग गच्चीवर ठेवू नका. एकदा लक्ष्मीपूजनाला मी पांढरं शिरस्त्राण वाळत टाकलं होतं, सकाळी ते फटाक्यांच्या राखेने मिरी टाकल्यासारखं झालं होतं.

स्प्रे करताना वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. पहिला हात इतका पातळ की खालचं दिसलं पाहिजे. एका जाड हातापेक्षा चार पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. पुढच्या टप्प्यावर जायचं की नाही हे घड्याळाला विचारू नका, वस्तू नाकाशी धरा. थिनरचा वास येत असेल तर आत अजून ओलं आहे, टेप लावू नका. एन-९५ रंगाच्या वाफेला थांबवत नाही, त्यासाठी कोळशाच्या फिल्टरचा मास्क लागतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतो, पॉलिश पेपर आणि २ मिमीची ड्रिल बिटंही तिथेच घ्या. दोन भाग मिसळायचं गाडीचं क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) घरी मारू नका, कोणी कितीही चमक दाखवली तरी. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं श्वासाला घातक रसायन असतं आणि शेजारच्या खिडकीत कुणाचं तरी बाळ असतं.

आता लोखंड कसं दिसतं. इथे थोडं थांबून बघायला हवं की तुम्ही नक्की कशाची नक्कल करताय. तुमचं किट फोटोवरून ‘स्टार वॉर्स’मधल्या हान सोलोच्या ब्लास्टरचं दिसतं. १९७७ च्या त्या चित्रपटासाठी ती वस्तू शून्यातून घडवलेली नव्हती. खाली माउझर सी-९६ आहे, १८९६ सालचं जर्मन पिस्तूल, त्यावर दुर्बीण आणि इतर तुकडे चढवलेले. म्हणजे ते चंदेरी कधीच नव्हतं. पोलादावर ब्लूइंग नावाचा निळसर काळा थर रासायनिक क्रियेने चढवतात आणि तो झिजतो तिथे खालचं पोलाद उजळ दिसतं. पकड लाकडाची. म्हणून तुमचा सबंध चंदेरी ब्लास्टर डोळ्यांना पटत नाही. त्याच चित्रपटातल्या पांढऱ्या चिलखतवाल्या सैनिकांच्या हातात ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगन आहे. तिच्यावर सुरकुतलेल्या पोताचा काळा रंग असतो, म्हणजे तिची झीज आणखी वेगळी. आधी मूळ वस्तू काय होती ते शोधा, मग डबा निवडा.

माझी पद्धत अशी. प्रायमरवर काळा रंग, पूर्ण चकचकीत नाही आणि पूर्ण मॅटही नाही. तो पक्का वाळला की ६बी किंवा ८बी पेन्सिलीचं शिसं पेपरवर घासून पूड करायची, जुन्या सुती कापडाच्या चिंधीवर घ्यायची आणि घोटायची. ग्रॅफाइट स्वतःच राखाडी आणि धातूसारखं चकाकणारं असतं, काळ्यावर ते पोलादासारखं उमटतं. सगळीकडे सारखं घोटू नका. मोठ्या सपाट भागावर कमी, कडांवर जास्त. वरून मॅट क्लिअर मारलं तर ही चमक मरते, त्यामुळे हात लागतो तेवढ्या पकडीलाच क्लिअर द्या, बाकीचं तसंच ठेवा. हाताला थोडं लागेल, कार्यक्रमानंतर पुन्हा घोटा. खरं उजळलेलं पोलाद दाखवायचं तिथेच, म्हणजे नळीचं तोंड, माशी (नेम धरायचा नळीवरचा छोटा उंचवटा), ट्रिगरची कड इथेच, चंदेरी रंग. तोही स्पंजच्या तुकड्याने, आधी कागदावर जवळजवळ कोरडा टिपून.

झीज कुठे द्यायची यासाठी पुस्तकं बघू नका. लोकलच्या दारातला मधला खांब बघा. जिथे हजारो हात धरतात तिथे तो चांदीसारखा आहे, वर छताजवळ आणि खाली पायाशी मळका. घरात आजीची काळी शिलाई मशीन असेल तर तिच्याकडे बघा. तळाच्या पुढच्या कडेला, जिथून कापड सरकतं, तिथला काळा रंग गेलाय, मागे सोन्याची नक्षी शाबूत. नवशिके खोबणीत चंदेरी भरतात, कारण तिथे रंग सहज बसतो. खोबणीत हात पोहोचतच नाही, तिथे तेल आणि मळ साचतो. म्हणून तिथे तपकिरी ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सोडा आणि वरचा पुसून घ्या. खालचा रंग पुरता वाळला नसेल तर टर्पेंटाइन त्याला उचलेल, तेव्हा एका कोपऱ्यात आधी करून बघा. लाकडी पकडीला फिकट मातकट तपकिरीवर गडद तपकिरी ऑइल कलर, ब्रशने लांबीच्या दिशेने ओढून. रेषा थोड्या वाकड्या गेल्या तर बरंच.

दुर्बिणीत दिवा बसवायचा असेल तर तो दोन भाग चिकटवण्याआधी, हे लिहावं लागतंय कारण मी स्वतः एकदा बंद करून बसले होते. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात. ९ व्होल्टची बॅटरी असेल तर उरलेले ७ व्होल्ट रेझिस्टरने खायचे, ६८० ओहम लावला की सुमारे १० मिलिअँपिअर जातात आणि तेवढे पुरतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, पाच-दहा एलईडी एकदम घ्या, जोडताना एक-दोन जळतातच. बॅटरी बदलता येईल असं झाकण ठेवा.

नेण्या-आणण्याचं. नळी आरपार पोकळ ठेवू नका, आत अर्ध्या इंचावर काळा तुकडा बसवून बंद करा. बंद चेनच्या बॅगेत न्या आणि कार्यक्रमाच्या ठिकाणीच बाहेर काढा. कार्यक्रमवाल्यांचे प्रॉप तपासायचे नियम असतात, ते आधी वाचा. तुम्ही जितकं चांगलं काम कराल तितका धोका वाढतो, हे या छंदाचं विचित्र गणित आहे. माझ्याकडच्या एका मुलाला नाटकातलं रिव्हॉल्व्हर पिशवीतून डोकावत होतं म्हणून एका स्टेशनवर दीड तास बसवून ठेवलं होतं. मेट्रोत बॅग स्कॅनरमधून जाते आणि आत नट-बोल्ट भरलेली पकड असते, तेव्हा त्या दिवशी सरळ रिक्षा-टॅक्सी करा आणि बनवतानाचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्या मुलाला शेवटी त्या फोटोंनीच सोडवलं.

तुमच्या तिसऱ्या फोटोत ट्रिगरच्या मागे, डाव्या बाजूला एक फट दिसते, तुम्ही तिचा उल्लेख केलेला नाही. ती पुट्टीने भरू नका. तिथे दोन भाग मुळातच तिरके बसलेत. धुण्याआधी तो जोड बारीक हॅक्सॉ ब्लेडने उघडा, स्पोक घालून परत सरळ बसवा आणि मग बाकीचं सुरू करा.